दम्याच्या औषधाची गोष्ट : धोतऱ्याच्या धुरापासून पंपापर्यंत



इतिहास म्हटला की आपल्याला गड, लढाया आणि राजे आठवतात. पण आपल्या घरातल्या कोनाड्यात ठेवलेल्या औषधालाही इतिहास असतो. ते कुठून आले, कोणी शोधले, त्याने कोण वाचले आणि कोण दगावले, हे सगळे त्या लहानशा डबीच्या मागे उभे असते. आज आपण दम्याच्या औषधांचा इतिहास ऐकणार आहोत.

हाच विषय का, ते आधी सांगते. गावात दम्याबद्दल तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा घेतला की सुटत नाही." दुसरे, "धाप लागेल तेव्हाच औषध घ्यायचे, एरवी कशाला?" आणि तिसरे, "मुलीच्या हातात पंप दिसला तर तिचे लग्न कसे जमेल?" ही तिन्ही वाक्ये माणसाचा जीव घेऊ शकतात. २०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात होते, पण दम्याने मरणाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्के भारतातले होते. म्हणजे आजार आपल्याकडे जगावेगळा नाही, पण मरण मात्र जगावेगळे आहे. औषध निघालेले असताना असे का व्हावे? याचे बरेचसे उत्तर इतिहासात सापडते.

आधी दमा म्हणजे काय, ते समजून घेऊ. शेतातला पाण्याचा पाइप डोळ्यांसमोर आणा. पाणी कमी येऊ लागले तर त्याची दोन कारणे असू शकतात. एक, पाइपावर कोणीतरी पाय दिला आहे. दुसरे, पाइपाच्या आत शेवाळ आणि गाळ साचला आहे. आपल्या छातीतल्या श्वासनलिकांचेही तसेच. नळीभोवतीचे स्नायू आवळले की नळी बाहेरून दाबली जाते. हा झाला पाइपावरचा पाय. नळीच्या आतल्या अस्तराला सूज आली आणि चिकट कफ साचला की नळी आतून अरुंद होते. हा झाला गाळ. दम्यात दोन्ही होते. पण अटॅक येतो तेव्हा पाय जाणवतो, गाळ मात्र अटॅक नसतानाही आत गुपचूप असतो. सूज असलेली नळी हुळहुळी होते, म्हणून धूळ, धूर, थंड हवा, फोडणीचा ठसका एवढ्यानेही ती आवळते. मैत्रिणींनो, पाय आणि गाळ हे दोन शब्द लक्षात ठेवा. कारण शेकडो वर्षे माणसाने फक्त पाय काढण्याची औषधे शोधली. गाळाकडे नीट लक्ष गेले ते अगदी अलीकडे.

हा आजार आपल्याला जुनाच माहीत आहे. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातला 'तमक श्वास' वाचला की दमेकरी माणूसच समोर उभा राहतो. आडवे पडले की त्रास वाढतो, उठून बसले की बरे वाटते, गरम हवेसे वाटते, आभाळ भरून आले, गारवा आला की आजार उसळतो. हजारो वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी हे बारकाईने टिपून ठेवले होते.

उपायही शोधले गेले. त्यातला एक उपाय आपल्या बांधावरून थेट विलायतेला गेला. तो म्हणजे धोतरा. होय, महादेवाला वाहतो तोच धोतरा. दक्षिण भारतात धोतऱ्याची वाळलेली मुळे आणि देठ कुटून, चिलमीत भरून, त्याचा धूर दमेकऱ्याला ओढायला देत असत. मद्रासमधल्या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि १८०२ च्या सुमारास जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्यामार्फत ही पद्धत ब्रिटनमध्ये पोचली. पुढे तिकडे धोतऱ्याच्या जातीच्या झाडाच्या पानांच्या सिगारेटी दम्याचे औषध म्हणून दुकानात मिळू लागल्या. फ्रान्समधले प्रसिद्ध कादंबरीकार मार्सेल प्रूस्त लहानपणापासून दमेकरी होते. त्यांनीही असल्या सिगारेटी ओढल्या.

याने बरे का वाटत असे? धोतऱ्यात ॲट्रोपिनसारखी द्रव्ये असतात. श्वासनलिकेला 'आवळ' असा निरोप देणाऱ्या मज्जातंतूंचा निरोप ती अडवतात. म्हणजे पाय थोडा उचलला जातो. पण तीच द्रव्ये विषही आहेत. तोंड कोरडे पडते, डोळ्यांपुढे अंधुक होते, माणूस बरळू लागतो, जास्त झाले तर प्राणही जातो. झाडात विष किती आहे हे पाहून कळत नाही. म्हणून हे ऐकून कोणीही धोतऱ्याला हात लावू नये. याच ॲट्रोपिनपासून पुढे १९७० च्या दशकात इप्राट्रोपियम नावाचे सुरक्षित औषध आले. ते श्वासावाटे घेतले की फार थोडे रक्तात जाते. मोठा अटॅक आला की दवाखान्यात मशीनने वाफ देतात, त्यात पुष्कळदा हे औषध असते. धोतऱ्याचा हा नातू म्हणायला हरकत नाही.

दुसरा धागा आपल्या चुलीवरच्या चहाचा. १८५९ मध्ये लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड साल्टर यांनी लिहिले की कडक कॉफी प्यायल्याने दम्याचा जोर कमी होतो. ते स्वतः दमेकरी होते. कॉफीतल्या कॅफीनचे जवळचे भावंड चहाच्या पानात असते. १८८८ मध्ये जर्मनीत आल्ब्रेख्ट कोसेल यांनी ते वेगळे काढले. त्याचे नाव थिओफिलिन. १९२० च्या दशकात ते दम्यावर वापरात आले आणि आपल्या खेड्यापाड्यांत त्याच्या गोळ्या आणि इंजेक्शने आजही दिली जातात, कारण ती स्वस्त आहेत. पण या औषधात एक अडचण आहे. गुण येणारी मात्रा आणि त्रास देणारी मात्रा यांत अंतर फार थोडे. जरा जास्त झाले की मळमळ, उलटी, छातीत धडधड, फार झाले तर झटकेसुद्धा येतात. चहा पिऊन दमा आटोक्यात येईल असे मात्र समजू नका. कपभर चहात थिओफिलिन अगदीच नावाला असते.

तिसरा धागा चीनमधला. तिथे 'मा ह्वांग' नावाचे झुडूप पिढ्यान्‌पिढ्या खोकला आणि धापेवर वापरले जाई. १८८५ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ नागायोशी नागाई यांनी त्यातून एफेड्रिन वेगळे काढले. १९२४ मध्ये पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट या दोन संशोधकांनी त्याचा परिणाम तपासून जगापुढे मांडला. मग एफेड्रिनच्या गोळ्या जगभर गेल्या. धाप कमी होई, पण झोप उडे आणि काळीज धडधडे.

चौथा धागा आपल्याच शरीरातला. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. घाबरलो, संतापलो की ती ॲड्रिनलिन सोडते. हे द्रव्य शुद्ध रूपात मिळवण्याचे श्रेय जोकिची ताकामिने या जपानी शास्त्रज्ञांना जाते, साल १९०० ते १९०१. लगेच १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दम्याच्या अटॅकमध्ये त्याचे इंजेक्शन दिले. काही मिनिटांत श्वास मोकळा होई. पण हृदयही घोड्यासारखे दौडू लागे.

आता हे चारही धागे एकत्र पाहा. धोतरा, थिओफिलिन, एफेड्रिन, ॲड्रिनलिन. चारही मुख्यतः नळी सैल करणारी, म्हणजे पाय काढणारी औषधे. आणि चारही पोटातून, रक्तातून किंवा धुरातून सगळ्या अंगभर जाणारी. त्रास छातीत, पण औषध डोक्यापासून पायापर्यंत. मग प्रश्न आला की औषध नेमके श्वासनलिकेतच कसे पोचवावे? काचेच्या नळीला रबरी फुगा लावून औषधाचा तुषार ओढण्याची सोय होती. पण काच फुटे, औषध सांडे, आणि प्रत्येक वेळी मात्रा वेगळी पडे.

इथे गोष्टीत एक मुलगी येते. अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज नावाची औषध कंपनी होती. तिचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची १३ वर्षांची मुलगी दमेकरी होती. तो काचेचा फुगा वापरून ती वैतागली होती. १९५५ मध्ये तिने वडिलांना विचारले की केसांवर मारायचा स्प्रे डब्यात मिळतो, तसे माझे औषध का मिळत नाही? वडिलांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. कंपनीच्या माणसांनी अत्तराच्या बाटलीला असते तशी झडप वापरून पाहिली. ही झडप एकदा दाबली की ठरावीक मापाचाच फवारा बाहेर पडे. १९५६ मध्ये तो पंप बाजारात आला. आज जगात कोट्यवधी लोक जो पंप वापरतात, त्याची सुरुवात एका आजारी पोरीच्या प्रश्नातून झाली. आपल्या घरातली मुलगी औषधाबद्दल प्रश्न विचारते तेव्हा "गप्प बस, डॉक्टरांना कळते" असे म्हणण्याआधी ही गोष्ट आठवा.

पंपामुळे मोठी सोय झाली. पण त्याच्या पाठोपाठ एक काळा अध्यायही आला, आणि आजच्या भागाचा गाभा तोच आहे.

त्या काळच्या पंपात बहुतेक वेळा आयसोप्रिनलिन नावाचे औषध असे. ॲड्रिनलिनचेच बदललेले रूप. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात त्याचा एक कडक प्रकार आला, एका फवाऱ्यात नेहमीच्या पाचपट औषध. मुले दप्तरात पंप घेऊन शाळेत जाऊ लागली. दाबला की दोन मिनिटांत बरे वाटे. आणि त्याच वर्षांत दम्याने मरणारी मुले वाढू लागली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांमध्ये दम्याच्या मृत्यूंचे प्रमाण सात वर्षांत जवळजवळ आठपट झाले. १९६६ पर्यंत त्या वयाच्या मुलांच्या एकूण मृत्यूंपैकी सात टक्के दम्यामुळे होऊ लागले. स्पायझर, डॉल आणि हीफ या संशोधकांनी हे आकडे १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. डॉक्टरांना इशारे गेले, चिठ्ठीशिवाय पंप विकायला बंदी आली आणि मृत्यू खाली आले. पुढे तपासले तेव्हा दिसले की ही लाट मुख्यतः त्याच देशांत आली होती जिथे तो कडक पंप विकला जात होता.

असे का झाले असावे? दोन कारणे सांगितली जातात. एक, हे औषध श्वासनलिकेइतकेच हृदयालाही हाकत असे. अंगात प्राणवायू कमी झालेला असताना हृदयावर असा भार धोक्याचा. दुसरे कारण आपल्या पाइपाचे. फवारा मारला की पाय उचलला जाई, मुलाला वाटे की आपण बरे झालो. आत गाळ मात्र वाढत जाई. मूल दहा वेळा, वीस वेळा पंप दाबे, आई-वडिलांना वाटे की औषध हाताशी आहे, आणि दवाखाना गाठायची वेळ टळून जाई.

यावर शास्त्रज्ञांनी पहिला तोडगा काढला तो हृदयाला वाचवण्याचा. औषध म्हणजे किल्ली समजा. ती शरीरातल्या ठरावीक कुलपांतच बसते. १९४८ मध्ये अमेरिकेचे रेमंड आलक्विस्ट यांनी दाखवले होते की ॲड्रिनलिनची कुलपे एकाहून जास्त प्रकारची आहेत. १९६७ मध्ये हेही स्पष्ट झाले की हृदयातले मुख्य कुलूप आणि श्वासनलिकेतले कुलूप वेगळे आहे. मग इंग्लंडमध्ये डेव्हिड जॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासनलिकेच्याच कुलपात नीट बसेल अशी किल्ली घडवली. तिचे नाव साल्ब्युटामॉल. १९६९ मध्ये ती बाजारात आली. आज आपल्याकडे बहुधा निळ्या पंपात मिळते ते हेच औषध. चार ते सहा तास नळी सैल ठेवते आणि हृदयाला पूर्वीइतका त्रास देत नाही.

पण मैत्रिणींनो, हेही पाय काढणारेच औषध. गाळ तसाच. आणि जगाला हा धडा दुसऱ्यांदा शिकावा लागला. न्यूझीलंडमध्ये १९७६ मध्ये फेनोटेरॉल नावाच्या त्याच जातीच्या औषधाचा जोरदार पंप आला आणि दम्याचे मृत्यू पुन्हा वाढले. वेलिंग्टनमधल्या काही तरुण संशोधकांनी मृतांच्या नोंदी एकेक करून तपासल्या आणि १९८९ मध्ये सांगितले की हा पंप वापरणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त दिसतो. औषध कंपनीने विरोध केला, मोठमोठ्या डॉक्टरांनी शंका घेतल्या, पण संशोधक मागे हटले नाहीत. सरकारने त्या औषधावर मर्यादा आणल्या आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले.

आता गाळाकडे वळू. दमेकऱ्याचा कफ सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दिसतात, हे डॉक्टरांना जुने माहीत होते. रक्ताच्या रिपोर्टवर हे नाव तुमच्यापैकी अनेकींनी वाचले असेल. या पेशी सुजेच्या खुणा आहेत. पण सुजेवर औषध नव्हते. १९४८ मध्ये अमेरिकेत संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. ज्यांनी हे औषध पुढे आणले त्यांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लगेचच ते दम्यावरही दिले गेले आणि खाटेला खिळलेली माणसे उठून बसली. हेच ते स्टिरॉइड, सूज उतरवणारे औषध.

मात्र गोळ्या महिनोन् महिने चालू राहिल्या तेव्हा दुसरी बाजू दिसली. चेहरा सुजल्यासारखा गोल होणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मुलांची उंची खुंटणे. स्टिरॉइड शब्दाची जी भीती आज आपल्या मनात आहे, ती त्या काळातून आलेली आहे आणि त्या गोळ्यांपुरती ती खरीही आहे.

मग दोन शोधांची गाठ पडली. त्वचेच्या मलमात वापरले जाणारे बेक्लोमेथासोन नावाचे स्टिरॉइड होते. ते पंपात भरून थेट श्वासनलिकेवर मारले तर? इंग्लंडमधल्या डर्बी गावचे डॉक्टर हॅरी मॉरो ब्राउन रुग्णांचा कफ स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. ज्यांच्या कफात इओसिनोफिल होते अशांवर त्यांनी हा पंप वापरला. वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या खाणाऱ्या अनेकांच्या गोळ्या सुटल्या. १९७२ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास गाळ काढणारा पंप बाजारात आला. पुढे बुडेसोनाइडसारखी आणखी औषधे आली.

भीतीचे काय? मापाने पाहू. अटॅकमध्ये डॉक्टर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात तेव्हा मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅम औषध जाते. बुडेसोनाइडच्या पंपातल्या एका मात्रेत बहुधा १०० ते ४०० मायक्रोग्रॅम असते. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, पण नुसत्या वजनाने पाहिले तर २०० मायक्रोग्रॅमची मात्रा त्या गोळ्यांच्या दोनशेवा भाग झाली. शिवाय ती जिथे हवी तिथेच पोचते. आवाज थोडा बसणे किंवा तोंडात पांढरे चट्टे येणे हा त्रास होऊ शकतो. म्हणून पंप घेतला की खळखळून चूळ भरायची आणि पाणी थुंकून टाकायचे.

या पंपाने जीव वाचतात याचा पुरावा आहे. कॅनडातल्या सॅस्कॅचवन प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मागच्या वर्षात वापरलेल्या स्टिरॉइडच्या प्रत्येक जादा पंपामागे दम्याने मरण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी दिसले. आणि ज्यांनी तो मध्येच सोडला, त्यांच्यात पुढच्या तीन महिन्यांत मृत्यू जास्त दिसले. म्हणजे "आता बरे वाटते, बंद करू" हाच तो धोक्याचा उंबरठा.

फिनलंड या छोट्या देशाने १९९४ मध्ये दहा वर्षांची मोहीम हाती घेतली. नवे औषध शोधले नाही. सूज लवकर ओळखायची आणि गाळ काढणारा पंप लवकर सुरू करायचा, एवढेच ठरवले. गावोगावच्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि औषध दुकानदारांना शिकवले. दहा वर्षांत दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून खाली आले आणि मृत्यूही घटले. आपल्या आशाताई आणि बचत गट यांचे जाळे पाहिले की वाटते, हे काम आपल्याला अवघड नाही.

शेवटी २०१९ मध्ये दम्याच्या तज्ज्ञांच्या 'जीना' या जागतिक संस्थेने आपला सल्लाच बदलला. बारा वर्षांपुढच्या कोणाचाही दमा नुसत्या साल्ब्युटामॉलवर सांभाळू नये, सोबत सूज उतरवणारे स्टिरॉइड श्वासावाटे हवेच, असे तिने सांगितले. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंपही आता मिळतो. त्यात पाय काढणारे आणि गाळ काढणारे अशी दोन्ही औषधे असतात. इंग्लंडमधली ती मुले गेली त्याला तेव्हा पन्नासहून जास्त वर्षे झाली होती.

आपल्याकडे ही औषधे मिळतात का? मिळतात. १९७० च्या पेटंट कायद्यामुळे भारतीय कंपन्यांना बाहेरची औषधे वेगळ्या पद्धतीने इथेच बनवता आली आणि सिप्लासारख्या मुंबईच्या कंपनीने पंप बरेच स्वस्त केले. देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत साल्ब्युटामॉलबरोबर बुडेसोनाइडही आहे. तरी अनेक घरांत फक्त निळा पंप, गोळी किंवा इंजेक्शन एवढेच पोचते. कारण त्याने लगेच बरे वाटते. गाळ काढणाऱ्या पंपाचा गुण दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. आणि आपल्याकडे लगेच गुण देणाऱ्यालाच औषध म्हणायची सवय आहे.

याच सवयीचा फायदा काही पुडीवाले घेतात. "आयुर्वेदिक आहे, एका आठवड्यात दमा मुळापासून जाईल" असे सांगून विकलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे तपासणीत वेळोवेळी आढळले आहे. म्हणजे मापातल्या पंपाला घाबरायचे आणि बिनमापाचे तेच औषध रोज गिळायचे, असा उलटा प्रकार. कोजागरीच्या रात्री दम्याचे औषध दुधातून किंवा खिरीतून देतात. श्रद्धेने दूध प्या, पण घरचा पंप त्यासाठी एक दिवसही बंद करू नका.

आता तिसऱ्या वाक्याबद्दल, लग्नाच्या. लपवलेला पंप वेळेवर हाताला लागत नाही. सासरी कोणाला माहीत नाही म्हणून मुलगी रोजची मात्रा चुकवते, चुलीच्या धुरात बसते आणि रात्री धाप लागली तरी तोंड दाबून पडते. चष्मा लागलेल्या मुलीचे लग्न होते, तसे पंप लागणाऱ्या मुलीचेही होते आणि ती शेतात, नोकरीत, घरात सगळे करू शकते. गरोदरपणातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवायचे नसते. आईचा श्वास कोंडला तर पोटातल्या बाळाचाही प्राणवायू कमी पडतो.

पंपाची सवय लागते का? रोज लागते म्हणून ती सवय ठरत नाही. रोज शेतातला गाळ काढणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. दमा आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा कमी करतात. ती आपण आपल्या मनाने करायची नाही.

आणि हे नीट ऐका. बोलताना एक वाक्य पूर्ण करता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, किंवा पंप घेऊनही आराम टिकत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. सोबतचा पंप घेत घेत दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

गटाच्या पुढच्या बैठकीला एक काम करा. ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी तो सोबत आणा. रंगावर जाऊ नका, त्यावरचे नाव वाचा, वाचता येत नसेल तर शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. नुसते साल्ब्युटामॉल असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा, "हा पाय काढणारा झाला. गाळ काढणारा कुठे आहे?" पंप घेण्याची रीतही तिथेच दाखवायला सांगा, कारण चुकीच्या रीतीने घेतला तर औषध जिभेवरच राहते. महिन्याला निळा पंप किती लागतो तेही मोजा. तो जास्त लागू लागला, तर घरातल्या माणसाचा दमा वाढतो आहे असे समजा आणि डॉक्टरांकडे जा.

तुमचे प्रश्न आमच्याकडे पाठवा.